गिझाचा स्फिंक्स: कुणी घडवला, कधी आणि कशासाठी?

कातळवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्फिंक्सचे व्हिडिओ जोरात फिरताहेत. पंजाखालचं गुप्त दालन, बारा हजार वर्षांपूर्वी बुडालेली संस्कृती, नेपोलियनच्या तोफेने उडालेलं नाक, वगैरे. या पुतळ्याबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलोय, त्यामुळे हे बघून जीव तुटतो. जे खरोखर ठाऊक आहे ते कितीतरी जास्त थरारक आहे, आणि जे खरोखर ठाऊक नाही त्याचा तर या व्हिडिओंमध्ये उल्लेखही नसतो. म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख. कैरोच्या पश्चिमेला गिझाचं पठार आहे. तिथे खाफ्रे राजाच्या पिरॅमिडच्या पूर्वेला, उतार संपतो तिथे हा पुतळा बसलाय. लांबी सुमारे ७३ मीटर, उंची २० मीटर. धड सिंहाचं, डोकं राजाचं, तोंड पूर्वेला. महत्त्वाची गोष्ट ही की तो दगड रचून बांधलेला नाही. चुनखडीच्या जागच्या खडकात भोवतीने खंदक खणत गेले आणि मधे राखलेल्या खडकातून सिंह काढला. पंजांवर आणि अंगावर जे चिरे दिसतात ती पुढच्या काळातली डागडुजी.

आता खंदकातून निघालेला दगड गेला कुठे? माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मार्क लेहनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९७९ पासून चार-पाच वर्षं खपून स्फिंक्सचा चिरान् चिरा मोजून नकाशे केले. त्याच्याबरोबर थॉमस आयग्नर हा जर्मन भूशास्त्रज्ञ होता. गिझाच्या चुनखडीत एकावर एक थर आहेत आणि प्रत्येक थराची ठेवण वेगळी: कुठे कठीण, कुठे पिवळट आणि भुसभुशीत, कुठे शिंपल्यांचे अवशेष जास्त. स्फिंक्सच्या अगदी पुढ्यात एक देऊळ आहे. त्याच्या भिंतींत कित्येक टन वजनाचे अवाढव्य दगड आहेत. या दोघांनी त्या दगडांतले थर बघितले तर ते स्फिंक्सच्या अंगातल्या थरांशी जुळले. म्हणजे खंदकातून दगड निघाला की तो थेट पुढे ओढत नेऊन देवळाच्या भिंतीत बसवत होते. पुतळा आणि देऊळ ही एकाच वेळी चाललेली कामं आहेत. आणि हे देऊळ शेजारच्या खाफ्रेच्या देवळाला खेटून, त्याच पद्धतीने, त्याच रेषेत बांधलंय. खाफ्रे चौथ्या राजवंशातला, इसवी सन पूर्व २५०० च्या आसपासचा.

याचा अर्थ सगळं उलगडलं असा मुळीच नाही. खरी कोडी इथून पुढे सुरू होतात.

पहिलं कोडं: ज्या काळात हा घडवला, त्या काळात त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. गिझाला अधिकाऱ्यांची, पुरोहितांची शेकडो थडगी आहेत. अमुक राजाच्या पिरॅमिडचा पुजारी, तमुक कामावरचा अधिकारी अशा बिरुदावल्या त्यांत भरभरून कोरल्यात. स्फिंक्सचा पुजारी मात्र एकही नाही. त्याचं त्या काळचं नावसुद्धा आपल्या हाती नाही.

दुसरं कोडं: देऊळ अर्धवट सुटलंय. आतल्या चुनखडीवर ग्रॅनाइटचं आवरण चढवायचं होतं, ते पूर्ण झालंच नाही. खंदकाच्या कोपऱ्यातही खणायचा राहिलेला खडक तसाच आहे. का थांबले? राजा गेला म्हणून? की पैसा आणि माणसं दुसरीकडे वळवली? पुजारी न सापडण्याचं कारणही हेच असेल का, की तिथे पूजाअर्चा कधी सुरूच झाली नाही? लेहनरचं मत साधारण असं आहे आणि मला ते पटतं.

मग हजारेक वर्षं गेली. वाळूने त्याला गळ्यापर्यंत गाडलं. इसवी सन पूर्व १४०० च्या सुमाराला थुटमोस चौथा गादीवर आला आणि त्याने पंजांच्या मधोमध ग्रॅनाइटची मोठी शिळा उभी केली. तिच्यावर लिहिलंय की राजपुत्र असताना तो शिकारीला आला होता, भर दुपारी या देवाच्या सावलीत झोपला, आणि देव स्वप्नात येऊन म्हणाला की वाळूने माझा जीव गुदमरतोय, मला मोकळं कर, मी तुला राज्य देईन. गादीवरचा हक्क पक्का करायला रचलेली ही कथा असेल, बहुतेक अभ्यासकांना तसंच वाटतं. पण तोवर स्फिंक्स एक देव झाला होता, होरेमाखेत, म्हणजे क्षितिजावरचा होरस (ससाण्याच्या रूपातला देव), हे त्यातून नक्की कळतं.

आणि ती शिळा मुळात काय होती? खाफ्रेच्या पिरॅमिडला लागून असलेल्या देवळातल्या दाराची तुळई. तिच्या मागच्या अंगाला दार फिरण्यासाठी केलेले खळगे अजून आहेत. ज्या राजाने पुतळा घडवला त्याच्याच देवळातून दगड काढून, अकरा शतकांनी, त्या पुतळ्यासमोर दुसऱ्याच राजाने आपलं नाव लिहिलं. शिळेच्या तेराव्या ओळीत 'खाफ' एवढी अक्षरं उरली होती. ती उतरवून घेतली गेली आणि पुढे तो भाग झडून गेला. ओळीचा संदर्भ तुटलाय, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी तुमच्या शंका येऊ द्या.

मेघदूत_७२

वाखूसा (वाचनखूण साठवली). नाकाचं काय झालं तेही लिहा. शाळेत सरांनी नेपोलियनच सांगितला होता.

बखरवाचक

उत्तम धागा. नाकाचं मी सांगतो, अरबी प्रवासवर्णनं आणि इतिहास हा माझा आवडता प्रांत आहे.

नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला १७९८ साली. डेन्मार्कचा फ्रेडरिक नॉर्डन हा नौदल अधिकारी त्याच्या साठ वर्षं आधी, १७३७ मध्ये तिथे होता. त्याने काढलेलं स्फिंक्सचं चित्र १७५५ मध्ये छापलं गेलं आणि त्यात नाक नाही. नेपोलियनचा जन्म १७६९ चा. तेव्हा हा आरोप इथेच संपतो. उलट नेपोलियनने बरोबर नेलेल्या विद्वानांनी इजिप्तची जी मोजमापं आणि चित्रं केली, त्यांवर पुढचा सगळा अभ्यास उभा राहिला.

मग नाक गेलं कधी? बगदादचा अब्द अल-लतीफ हा वैद्य इसवी सन १२०० च्या सुमाराला कैरोत होता. त्याने स्फिंक्सचा चेहरा जवळून पाहिला आणि देखणा म्हणून वाखाणला. एवढ्या प्रचंड आकारात नाक, डोळे, कान यांचं प्रमाण शिल्पकाराने कसं सांभाळलं, याचं त्याला फार नवल वाटलं. म्हणजे तेव्हा नाक जागेवर होतं असं मानायला हरकत नाही. पंधराव्या शतकात कैरोचा इतिहासकार अल-मक्रीझी लिहितो की त्याच्याच काळात मुहम्मद साइम अल-दहर नावाच्या एका सूफी फकिराने या पुतळ्याचा चेहरा विद्रूप केला. ही घटना १३७८ च्या सुमाराची धरतात. आसपासचे शेतकरी तोवर स्फिंक्सला मानत होते, पीकपाणी चांगलं व्हावं म्हणून त्याला भजत होते. मक्रीझी पुढे म्हणतो की चेहरा बिघडवल्यापासून वाळू शेतांवर चढू लागली अशी तिथल्या लोकांची समजूत झाली.

हे वाचलं की मला त्या शेतकऱ्यांबद्दल फार जवळीक वाटते. ज्या देवाची भाषा विसरली गेली, धर्म गेला, राजे गेले, त्याच्या पायाशी ती माणसं आपल्या शेताचं गाऱ्हाणं घेऊन येतच राहिली.

कातळवेडा

बखरवाचक, अब्द अल-लतीफची साक्ष फार मोलाची. तिला दगडाचीही जोड आहे. लेहनरने चेहरा जवळून तपासला तेव्हा नाकाच्या जागी लांब पहारी किंवा छिन्न्या ठोकल्याच्या खुणा दिसल्या. एक नाकाच्या मुळापासून खाली, दुसरी नाकपुडीच्या खालून, आणि मग दक्षिणेकडे ओढ देऊन नाक उखडलंय. तोफेचा गोळा अशा खुणा ठेवत नाही. हे शांतपणे, वर चढून, वेळ काढून केलेलं काम आहे.

दाढीचं राहिलंच. हनुवटीखाली देवांची असते तशी वेणीदार दाढी होती. १८१७ मध्ये काविल्या या इटालियन दर्यावर्दीने छातीपुढची वाळू उपसली तेव्हा तिचे तुकडे सापडले. एक तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, काही कैरोत. दाढी मुळातली नसून थुटमोसच्या काळात लावलेली असावी असं बऱ्याच जणांना वाटतं.

सई_परदेशी

खूप दिवसांनी इथे लिहितेय, पण हा धागा बघून राहवलं नाही. मी गेल्या हिवाळ्यात गिझाला जाऊन आले. थरांचा मुद्दा डोळ्यांनी कसा दिसतो ते सांगते.

प्रवाशांची वाट खाफ्रेच्या देवळातून आत शिरून पुतळ्याच्या दक्षिण बाजूला, वरच्या कडेवर नेते. खाली खंदकात उतरू देत नाहीत. तिथून बघितलं की धड पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. एक पट्टा आत गेलेला, त्यावरचा बाहेर आलेला, परत आत. मऊ थर झिजून खोल गेलेत आणि कठीण थर कडा धरून उभे आहेत. डोकं मात्र गुळगुळीत, रेखीव. नाक नसूनही ओठांची रेघ स्पष्ट दिसते. कानाशेजारी तांबड्या रंगाचा मागमूस असतो म्हणून मी कॅमेऱ्याची झूम लावून शोधला आणि मला तो दिसला असं वाटतं, उन्हाच्या तिरिपीमुळे खात्री देत नाही.

पुढ्यातल्या देवळाचे दगड मात्र अगदी जवळून बघता येतात. माझ्यापेक्षा उंच एकसंध दगड, खाली वर टणक राखाडी कडा आणि मधला पिवळा पट्टा पोखरून आत गेलेला. मान वळवून पुतळ्याकडे बघितलं तर तिथेही तेच. मला भूशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण हे दोन्ही एकाच खाणीतले हे सांगायला कुणी लागत नाही.

तिसरा_डोळा

धागा चांगला आहे, पण एक बाजू येत नाहीये म्हणून लिहितो. बोस्टन विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शॉक यांनी १९९१ मध्ये अमेरिकन भूशास्त्रीय संस्थेच्या अधिवेशनात मांडलं की खंदकाच्या भिंतींवरची झीज वाऱ्याची किंवा वाळूची नाही, पावसाच्या पाण्याची आहे. उभ्या, गोलसर, लाटांसारख्या खाचा. इजिप्तमध्ये असा भरपूर पाऊस खाफ्रेच्या बराच आधी पडायचा. म्हणून त्यांनी मूळ कोरीवकाम इसवी सन पूर्व ७००० ते ५००० पर्यंत मागे नेलं. ते प्रशिक्षित भूशास्त्रज्ञ आहेत, कुणी हौशी यूट्यूबर नव्हेत. शिवाय डोकं धडाच्या मानाने फारच लहान आहे. मूळचं डोकं सिंहाचं असेल आणि खाफ्रेने ते कोरून आपलं केलं असेल, ही शक्यता का नाकारायची?

कातळवेडा

तिसरा_डोळा, मुद्दा नीट मांडलात, आभार. शॉक यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही आणि तज्ज्ञांनी ते झटकलेलंही नाही. त्यावर वर्षानुवर्षं वाद झडलाय.

माझी अडचण अशी. पाऊस खाफ्रेच्या काळात एकदम थांबला नव्हता. गिझाला अधूनमधून येणारी जोराची सर आजही पठारावरून लोंढा घेऊन उतरते आणि तो सगळा उतार पश्चिमेकडून खंदकाकडेच आहे. खडकात मुळातच उभ्या भेगा होत्या, पाणी त्यांतून वाट काढणार. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ कॉलिन रीडर यांनाही झीज पाण्याची वाटते, तरी ते काळ फक्त काही शतकं मागे नेतात, पहिल्या राजवंशांपर्यंत. म्हणजे झिजेवरून वय काढायचं म्हटलं तर तीन भूशास्त्रज्ञ तीन उत्तरं देतात.

दुसरा पुरावा रस्त्याचा. खाफ्रेच्या पिरॅमिडपासून खालच्या देवळापर्यंत एक फरसबंद वाट येते. खंदकाची दक्षिण भिंत या वाटेला समांतर, तिरकी कापलीय. स्फिंक्स हजारो वर्षं आधीचा असता तर आधीच असलेल्या खंदकाशी वाटेने जुळवून घेतलं असतं. इथे उलट खंदकाने वाटेशी जुळवून घेतलंय.

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात जड वाटणारी. सत्तर मीटरचा पुतळा कोरायला माणसं लागतात. त्यांना भाकरी लागते, अवजारं लागतात, ती कुठेतरी झोपतात, मरतात आणि पुरली जातात. इसवी सन पूर्व २५०० ची ही सगळी माणसं आपल्याला सापडलीत. स्फिंक्सच्या दक्षिणेला लेहनरच्याच गटाने कामकऱ्यांची अख्खी वस्ती उकरून काढली. भाकरीच्या भट्ट्या, धान्यकोठ्या, बैलांची आणि शेळ्यामेंढ्यांची ढीगभर हाडं. जवळच्या टेकडीवर कामगारांचं दफनस्थान १९९० मध्ये उजेडात आलं. इसवी सन पूर्व ७००० चं असं गिझाला काय आहे? पुतळा घडवण्याजोगी वस्ती नाही, खाणकामाची अवजारं नाहीत.

डोक्याबद्दल: वरचा थर खालच्यापेक्षा कठीण आहे, म्हणून चेहरा इतका टिकला आणि धड झिजलं. आणि कमरेपाशी खडकात एक मोठी नैसर्गिक भेग आरपार गेलीय. मागचा भाग त्या भेगेतच संपवण्याऐवजी त्यांनी धड लांबवलं असावं, असं लेहनर सुचवतो. प्रमाण त्यामुळे बिघडलं. मला हे पटतं, कारण असे तोडगे काम हातात घेतल्यावरच सुचतात.

काळी_माती

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून झिजेबद्दल थोडं लिहिते. वारा की पाऊस यावर भांडताना तिसरा आणि सगळ्यात मोठा मारेकरी लोक विसरतात. मीठ.

आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो ना, तोच प्रकार. चुनखडीत मुळातच मीठ आणि जिप्सम आहे. रात्री दव पडतं, खालून जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते, मीठ विरघळतं. सकाळी ऊन तापलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक पृष्ठभागाच्या जरा आत धरतात. स्फटिक वाढताना दगडाला आतून रेटतो आणि पापुद्रा सुटतो. हे रोज. वर्षानुवर्षं. लुईव्हिल विद्यापीठाचे लाल गौरी यांनी स्फिंक्सच्या दगडाचा यासाठी बारकाईने अभ्यास केला आणि शॉक यांच्या म्हणण्याला उत्तर देताना हाच मुद्दा मांडला. गोलसर कडा यायला मुसळधार पाऊसच लागतो असं नाही.

आता जे बघून मला खरोखर वाईट वाटतं ते सांगते. १९८० च्या दशकात स्फिंक्सची जी दुरुस्ती झाली तिच्यात सिमेंट वापरलं. चुनखडीला सिमेंट म्हणजे विष. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, वर स्वतःचे क्षार दगडात सोडतं. नवे चिरे बसवले आणि आतला मूळ खडक त्यांच्यामागे कुजत राहिला. १९८८ च्या फेब्रुवारीत उजव्या खांद्याचा मोठा तुकडा निखळून पडला तेव्हा सगळे जागे झाले. त्यानंतर १९९८ पर्यंत दहा वर्षं खपून ते सिमेंट काढलं, चुन्याचा गिलावा वापरून, जुन्या मोजमापांशी ताडून नवे चिरे बसवले. हेच आधी केलं असतं तर?

आणि ही चूक पहिली नव्हती. थुटमोसच्या काळापासून, मग रोमन काळात, मग १९२५ ते १९३६ मध्ये एमिल बाराइझ या फ्रेंच अभियंत्याने, प्रत्येकाने आपापल्या परीने त्याला ठिगळं लावली. बाराइझने मानेला सिमेंटचा आधार दिला नसता तर डोकं राहिलं असतं की नाही शंका आहे, त्यामुळे त्याला दोष देववत नाही. पण आता धोका खालून आहे. शेजारच्या नझलत अल-सम्मान वस्तीचं सांडपाणी आणि कालव्यांची पाझर यांनी भूजल वर आलं. अलीकडच्या वर्षांत पंप बसवून ती पातळी खाली ठेवावी लागते. रहस्याच्या शंभर व्हिडिओंपैकी एकात तरी या पंपांबद्दल सांगा, असं त्या लोकांना हात जोडून म्हणावंसं वाटतं.

गोदातीर

+१ काळी_माती ताई. सिमेंटचं पाप आपल्याकडेही किती देवळांत दिसतं.

कातळवेडा, वरून खाली, भोवती खंदक खणून मधला खडक राखायची पद्धत म्हणजे वेरूळच्या कैलासाचीच की. आणि तिथेही हेच ऐकावं लागतं: हे माणसाचं काम नव्हे, एवढा दगड गेला कुठे, परग्रहवासी आले होते. राष्ट्रकूटांच्या काळातल्या ज्या पाथरवटांनी आयुष्यं घातली त्यांच्या हातून ते काम असं काढून घेतात. तुमच्या लिखाणात स्फिंक्सच्या दगडाचा हिशेब लागतो ते वाचून फार बरं वाटलं.

अवांतर: कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबाच्या माथ्यावर स्फिंक्ससारखा प्राणी कोरलाय, कधी पाहिलात का? दामोदर धर्मानंद कोसंबींनी त्याकडे लक्ष वेधलं होतं. त्याच लेण्यात धेनुकाकट या गावच्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) दिलेल्या खांबांचे लेख आहेत. अलेक्झांड्रियाशी चालणाऱ्या व्यापारातून ही कल्पना इथवर आली असावी.

कातळवेडा

गोदातीर, कार्ल्याचा स्फिंक्स पाहिलाय, आणि खालून मान मोडेपर्यंत बघत राहिलोय. पण तो ग्रीक वळणाचा. गिझाच्या पुतळ्याशी त्याचं नातं लांबचं, मधे ग्रीक जग आहे. तरी सह्याद्रीच्या कुशीत तो पोचला हे मोठंच. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी वाचायला पहिला.

पाथरवटांचं तुम्ही बोललात ते माझ्या मनातलं. स्फिंक्ससाठी किती हात लागले असतील याचा अंदाज घ्यायला लेहनरने रिक ब्राउन या शिल्पकाराबरोबर प्रयोग केला. दगडी हातोडे आणि तांब्याच्या छिन्न्या प्राचीन पद्धतीने बनवून चुनखडीत गहाळ नाकाची लहान प्रतिकृती कोरून पाहिली. तांबं इतकं मऊ की छिन्नी सारखी बोथट होते, परत भट्टीत घालून ठोकावी लागते. एका माणसाचा आठवड्याचा पल्ला जेमतेम एक घनफूट. त्या हिशेबाने शंभर माणसांना तीन वर्षं. म्हणजे अशक्य तर नाहीच, प्रचंड संख्येचीही गरज नाही. गरज आहे ती त्यांना तीन वर्षं पोसणाऱ्या आणि छिन्न्या धारदार ठेवणाऱ्या व्यवस्थेची.

मेघदूत_७२

सगळे प्रतिसाद वाचतोय. पण मग पंजाखालचं दालन पूर्ण थापच? यंत्रांना पोकळ्या दिसल्या होत्या असं कुठेतरी वाचलंय.

कातळवेडा

मेघदूत, ही कल्पना आली एडगर केसी या अमेरिकन माणसाकडून. तंद्रीत जाऊन तो भाकितं सांगायचा. अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या बेटाच्या लोकांनी आपलं सगळं ज्ञान स्फिंक्सजवळच्या एका दालनात ठेवलंय आणि ते विसाव्या शतकाच्या अखेरीला सापडेल, असं त्याने म्हटलं. १९७० च्या दशकापासून खडकात लहरी सोडून, विद्युत उपकरणं लावून बऱ्याच पाहण्या झाल्या, त्यांतल्या काहींना केसीच्या अनुयायांनीच पैसा पुरवला. पोकळीसारखं काहीबाही दिसलं हे खरं. चुनखडी पाण्याने आतून विरघळते, तिच्यात नैसर्गिक पोकळ्या आणि भेगा असतातच. ड्रिल करून बघितलं तिथे खोलीबिली काही निघाली नाही.

पुतळ्यात भोकं मात्र आहेत, आणि ती कुणी केली याची कहाणी जास्त रंजक आहे. १८३७ मध्ये हॉवर्ड वाइझ या इंग्रज अधिकाऱ्याने आत दालन असेल म्हणून डोक्यामागे पाठीत भोक पाडायला घेतलं. सळई अडकली. ती सोडवायला त्याने सुरुंगाची दारू लावली आणि शेवटी नाद सोडला. पुढे त्या भोकात शिरोवस्त्राचा एक तुकडा पडलेला सापडला. शेपटीजवळ जमिनीलगत एक बोगदा आहे. बाराइझच्या वेळी तो उघडून परत बंद केला होता. १९८० मध्ये, लहानपणी बाराइझच्या हाताखाली काम केलेल्या एका म्हाताऱ्या स्थानिकाने तो दाखवला. इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ झाही हवास आणि लेहनर यांनी आत जाऊन पाहिलं: एक फाटा वर चढून संपतो, एक खाली उतरून पाण्याच्या पातळीशी संपतो. खजिना शोधणाऱ्या कुणीतरी कधीकाळी खणून सोडून दिलेला. कुणी, कधी, ठाऊक नाही. हे मला खरंखुरं गूढ वाटतं.

२०२५ च्या मार्चमध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडखाली शेकडो मीटर खोल खांब सापडल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. उपग्रहावरच्या रडारच्या लहरी भरीव खडकात एवढ्या खोल जात नाहीत. त्याउलट २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये आकाशातून येणाऱ्या म्युऑन या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने निदान ३० मीटर लांबीची मोठी पोकळी खरोखर सापडली, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या म्युऑन यंत्रांनी पडताळली गेली, रीतसर प्रसिद्ध झाली. कुणी काही दडपलं नाही. शोध लागतात तेव्हा असे लागतात.

बखरवाचक

एक शंका. चेहरा नक्की खाफ्रेचाच का? आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस पिरॅमिडांवर एवढं लिहितो, स्फिंक्सबद्दल चकार शब्द नाही, हे कसं?

कातळवेडा

चेहऱ्यावर एकमत नाही. राइनर श्टाडेलमान या जर्मन अभ्यासकाने तो खुफूचा मानला, म्हणजे खाफ्रेच्या बापाचा. वासिल दोब्रेव्ह या अभ्यासकांच्या मते खाफ्रेचा भाऊ जेदेफ्रे याने बापाच्या स्मरणार्थ करवला. न्यूयॉर्क पोलिसांतल्या एका चित्रकाराने तर खाफ्रेच्या पुतळ्याशी मोजमापं ताडून हे दोन चेहरे वेगळे असल्याचं सांगितलं. मला स्वतःला चेहऱ्यावरून ओळख पटवणं कच्चं वाटतं. त्या काळात राजाचा चेहरा हुबेहूब काढायची रीत नव्हती, आणि इथे तर मधला भागच गेलाय. देऊळ, वाट, खंदक यांचा पुरावा जास्त भक्कम, आणि तो खाफ्रेकडे बोट दाखवतो.

हिरोडोटसच्या मौनाचं कारण वाळू असेल, नसेल. रोमन लेखक प्लिनी मात्र पहिल्या शतकात त्याचा चेहरा तांबडा रंगवलेला असल्याचं लिहितो आणि आत एक राजा पुरलाय असं तिथले लोक मानतात हेही सांगतो. अफवा तेव्हाही होत्याच.

तिसरा_डोळा

कामकऱ्यांच्या वस्तीचा मुद्दा मला आधी एवढा जाणवला नव्हता, तो मान्य. पण तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे सापडेपर्यंत साडेअकरा हजार वर्षांपूर्वी कुणी दगडी खांब कोरत असेल असं कुणी म्हटलं असतं का? म्हणून मी दार बंद करणार नाही.

कातळवेडा

करूही नका. फक्त गोबेकली टेपेमध्ये गारगोटीची अवजारं सापडली, शिकार करून खाल्लेल्या जनावरांची हाडं सापडली, कोरणारी माणसं आपला कचरा तिथेच टाकून गेली. गिझाला त्या काळचा तसा ढिगारा निघाला तर मी स्वतः इथे नवा धागा काढीन.

सई_परदेशी

जानेवारीत माझी बहीण जातेय. तिला काय काय बघ म्हणून सांगू?

कातळवेडा

सई, आधी तहरीर चौकातलं जुनं संग्रहालय. तिथे खाफ्रेचा बसलेला पुतळा आहे, १८६० मध्ये मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला स्फिंक्सशेजारच्या देवळात सापडलेला. त्याचा काळपट दगड दक्षिणेच्या वाळवंटातून शेकडो किलोमीटरांवरून आणलाय. समोरून फक्त राजा दिसतो, बाजूने गेलं की त्याच्या डोक्यामागे पंख पसरून बसलेला ससाणा दिसतो. मग गिझाला सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. खाफ्रेच्या देवळात घाई करू नको म्हणावं. ग्रॅनाइटचे खांब आणि कोपऱ्यात वळवून बसवलेले चिरे बघण्यासारखे आहेत. नंतर स्फिंक्सच्या पुढ्यातल्या देवळाचे दगड, तू लिहिलेस तेच पिवळे पट्टे. शक्य असेल तर तिथल्या एखाद्या दगडाचा सरळ समोरून, उजेड तिरका असताना फोटो काढून आण म्हणावं. या धाग्यावर चढवू.